मणक्याचा आजार आणि बेताचं पिणं: नुकतंच निदान झालेल्यांसाठी

मणक्याचा आजार निघाला की डॉक्टर भराभर सूचना देतात: वाकून काही उचलू नका, सलग बसू नका, हे व्यायाम करा, ही गोळी रात्री घ्या. पिण्याचा विषय मात्र ते काढत नाहीत आणि पेशंटही काढत नाही. विचारलं तर 'बंद करा' असंच उत्तर येणार, ही धास्ती असते. मग प्रत्येकजण घरी जाऊन आपल्यापुरता निकाल लावतो. कुणी म्हणतं आता कायमचं बंद, तर कुणी म्हणतं पाठीचा आणि पोटात जाणाऱ्या दारूचा संबंधच काय!

संबंध आहे, पण बहुतेकांना वाटतो तिथे नाही. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं आणि मणक्यांमधली गादी सुकते, असं बऱ्याच ठिकाणी छातीठोकपणे सांगितलेलं असतं. गादीतलं पाणी कमी होतं ते वयानं आणि वर्षानुवर्षांच्या झिजेनं. एका संध्याकाळच्या ग्लासावर त्याचं खापर फोडण्यात अर्थ नाही. खरी भानगड आहे ती गोळ्यांशी आणि तोलाशी. त्याहून मोठी म्हणजे दारू दुखणं तात्पुरतं झाकते, आणि मणक्याच्या पेशंटला दुखण्याची खबर वेळेवर लागणं फार गरजेचं असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही आजवर पीत नसाल तर हा लेख वाचून सुरू करू नका. दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. कॅन्सर होण्याचं कारण म्हणून दारूची नोंद तर 1988 पासूनच आहे. पुढचं सगळं आधीपासून अधूनमधून पिणाऱ्यांसाठी, ज्यांना आता मणक्याचं भान ठेवून प्यायचं आहे त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: आपला आजार नक्की कुठला, ते समजून घ्या

'मणक्याचा त्रास' या दोन शब्दांत दहा वेगवेगळे आजार मावतात आणि प्रत्येकाचं दारूशी वेगळं नातं असतं. रिपोर्ट काढून त्यावरचं निदान वाचा, नाही कळलं तर फिजिओला विचारा.

गादी सरकून नस दबली असेल, पायात कळ जात असेल, तर दारूने ती नस थेट बिघडत नाही. इथे सांभाळायचं ते औषधं आणि बसणं. कण्याची नळी अरुंद झाली असेल तर थोडं चाललं किंवा उभं राहिलं की पाय भरून येतात, आणि अशा पायांवर दारू चढली की पडायला वेळ लागत नाही. मानेत मज्जारज्जूवर दाब असेल तर मी कडक शब्दांत सांगेन: जवळजवळ नकोच. तिथे पडताना मान झटक्यात मागे गेली तर हात कायमचे लुळे पडू शकतात, हाड मोडलेलं नसतानाही.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसवाल्यांनीही हेच डोक्यात ठेवावं. मणके एकमेकांना जुळून कणा एकसंध झाला की तो लवचिक राहत नाही, ठिसूळ होतो. इतरांना नुसता मुका मार बसेल अशा पडण्याने या कण्याला फ्रॅक्चर होतं. हाडं विरळ झालेल्यांची गोष्ट वेगळी: त्यांच्यात नुसतं पडणंच नाही, तर रोजचं पिणंही हाड कमकुवत करतं. फ्रॅक्चरचा धोका मोजायला डॉक्टर जे फ्रॅक्स नावाचं गणित वापरतात, त्यात रोज तीन किंवा जास्त युनिट (एक युनिट म्हणजे 8 ते 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल) पिणं हा एक स्वतंत्र धोका म्हणून धरलेला आहे.

ऑपरेशन ठरलं असेल किंवा नुकतंच झालं असेल तर बेताचा प्रश्नच नाही. ठरवून केल्या जाणाऱ्या ऑपरेशनआधी साधारण चार आठवडे दारू पूर्ण बंद ठेवली तर जखम भरणं, जंतुसंसर्ग, भुलीचा त्रास या सगळ्यांत फरक पडतो. फ्युजन झालं असेल, म्हणजे स्क्रू-पट्ट्या घालून दोन मणके एकत्र जुळवले असतील, तर नवं हाड धरेपर्यंत थांबायचं. किती, ते सर्जन एक्स-रे पाहून सांगतील. आणि भूलतज्ज्ञांपासून पिण्याचा आकडा कधीही लपवू नका. रोज पिणाऱ्याला भुलीचा हिशोब वेगळा लागतो, आणि वॉर्डात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक हात थरथरायला लागले तर का, हे तिथल्या लोकांना आधीच माहीत असलेलं बरं.

दुसरी पायरी: गोळ्यांचा डबा टेबलावर पालथा करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. मणक्याच्या जवळजवळ प्रत्येक औषधाचं दारूशी काही ना काही वाकडं आहे.

स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातली नावं वाचा. वरचं मोठं नाव कंपनीचं असतं, कामाचं खाली असतं. पाठदुखीच्या एकाच गोळीत बऱ्याचदा दोन-तीन औषधं एकत्र असतात: पॅरासिटामॉल, सोबत डायक्लोफेनॅक किंवा ॲसेक्लोफेनॅक, आणि वर एखादं स्नायू सैल करणारं. त्यामुळे 'मी एकच गोळी घेतो' या वाक्याला काही अर्थ नसतो.

सगळ्यात धोक्याचा गट म्हणजे ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन, मॉर्फिन यांसारखी जोरदार वेदनाशामकं. ही मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंद करतात, दारूही तेच करते. दोन्ही एकत्र आली की माणूस झोपतो आणि श्वास उथळ होत जातो. ट्रॅमाडॉलने झटका (फिट) येण्याचाही धोका असतो, आणि दारू तो वाढवते. ही गोळी चालू असेल तर दारू शून्य. 'अर्धाच पेग' ही सवलतही नाही.

प्रेगाबॅलिन आणि गॅबापेन्टिन नसांच्या दुखण्यासाठी सर्रास दिली जातात, म्हणून लोकांना ती व्हिटॅमिनसारखी निरुपद्रवी वाटतात. तसं नाही. यांनी झापड येते, तोल जातो, आणि श्वासावर होणाऱ्या परिणामाबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2019 मध्ये वेगळा इशारा दिलेला आहे. बॅक्लोफेन, टिझॅनिडिन, डायझेपाम या स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. टिझॅनिडिनने शिवाय रक्तदाब उतरतो. खुर्चीवरून उठलात की डोळ्यांपुढे अंधारी. रात्रीच्या ॲमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिनने आधीच जड झालेल्या डोक्यात दारूची भर पडली की सकाळी झापड उतरतच नाही.

आता ज्या गोळ्या झोप आणत नाहीत, त्यांच्याकडे बघा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन ही जठराच्या अस्तराला त्रास देतात, दारूही देते. दोघांनी मिळून रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात आणि क्वचित पिणाऱ्याला सहसा चालून जातं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याच्या यकृतात त्याचा विषारी अंश जास्त तयार होतो आणि तो निष्प्रभ करणारा साठा कमी असतो, त्यामुळे दिवसाची चार ग्रॅमची नेहमीची मर्यादा त्याला लागू नाही, त्याची मर्यादा डॉक्टरांनी ठरवायची. ड्युलोक्सेटिन आणि मेथोट्रेक्सेट यांचाही बोजा यकृतावरच येतो.

'सकाळी गोळी, रात्री पेग, मध्ये बारा तास गेले' हा हिशोब मला वारंवार ऐकू येतो. दिवसातून दोन-तीनदा घ्यायच्या गोळ्या अशा बेतलेल्या असतात की रक्तात औषध सतत राहावं. मध्ये मोकळी वेळ अशी नसतेच. आणि पिण्यासाठी गोळी चुकवणं हा त्याहून वाईट उपाय: गॅबापेन्टिन किंवा बॅक्लोफेन रोज घेणाऱ्याने ते अचानक बंद केलं तर झटकेसुद्धा येऊ शकतात.

काम सोपं आहे. गोळ्यांची नावं कागदावर लिहा, औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला दाखवा आणि विचारा: यातल्या कुठल्या गोळीसोबत दारू अजिबात नको, आणि कुठल्या गोळीसोबत थोडी चालेल? डॉक्टरांपुढे जीभ अडखळते ती इथे अडखळत नाही.

तिसरी पायरी: माप

गोळ्यांचा अडसर नसेल तरच इथे या.

एकदा घरी हा प्रयोग करून बघा. तुमच्या नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखा, न मोजता, पेग ओता. मग तो खोकल्याच्या औषधासोबत येणाऱ्या मिलीच्या खुणा असलेल्या झाकणाने मोजा. झाकण लहान असतं, चार-पाचदा भरावं लागतं, आणि तिसऱ्यांदा भरताना माणूस जरा गप्प होतो. रुंद तळाच्या ग्लासात साठ मिली फारच थोडे दिसतात, म्हणून हात पुढे जातोच.

गणित असं: मिली गुणिले बाटलीवरची टक्केवारी, भागिले शंभर, गुणिले 0.8. उत्तर शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम.

चाळीस टक्क्यांची तीस मिली म्हणजे जेमतेम 10 ग्रॅम. बारा टक्क्यांची दीडशे मिली वाइन 14 ग्रॅम. पाच टक्क्यांची 330 मिली बियर 13 ग्रॅम, आणि आठ टक्क्यांची 500 मिली 'स्ट्राँग' तब्बल 32 ग्रॅम. 'मी फक्त बियर घेतो' म्हणणाऱ्यांनी शेवटचा आकडा परत वाचावा. तो तीन छोट्या पेगांचा आहे.

ब्रिटनच्या आरोग्य विभागाने 2016 मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी आठवड्याला 14 युनिटची वरची मर्यादा घातली, म्हणजे 112 ग्रॅम, तीही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. ही मर्यादा धडधाकट माणसासाठी आहे. मणक्याच्या पेशंटने एका बैठकीला 10 ते 15 ग्रॅमवर थांबावं आणि आठवड्यातले निम्म्याहून जास्त दिवस कोरडे ठेवावेत, असं माझं मत. हे मत आहे, नियम नव्हे. तुमचे डॉक्टर याहून कमी सांगतील तर त्यांचं ऐका. आजारपणात स्नायू घटले असतील तर शरीरातलं पाणीही कमी झालेलं असतं आणि तीच दारू जास्त चढते. दोन वर्षांपूर्वी पचत होतं ते प्रमाण आज तुमचं राहिलेलं नाही.

चौथी पायरी: दिवस निवडा

या लेखातला एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा: दुखत असेल त्या दिवशी प्यायचं नाही.

उलट वाटतं, नाही का? दुखतंय म्हणून तर एक घोट हवा असतो. आणि दारूने दुखणं कमी होतं हे खोटं नाही. 2017 मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात दारूचा वेदनाशामक परिणाम स्पष्ट दिसला. पण तो दिसला रक्तातलं प्रमाण साधारण 0.08 टक्के असताना. म्हणजे दोन-तीन तासांत दीडशे मिली वाइनचे तीन-चार ग्लास. बेताच्या पिण्यात दुखणं जाण्याइतकी दारू पोटात जातच नाही. दुखण्यावर उपाय म्हणून प्यायला बसलात की बेत त्याच क्षणी मोडलेला असतो. वर, रोज ज्याला दारूने झोपवलं जातं ते दुखणं दारू उतरली की जास्त चवताळून उठतं. मज्जासंस्था हळवी होते. मग गेल्या महिन्यात एका पेगात भागत होतं तिथे दोन लागतात.

म्हणून दिवस निवडायचा तो बऱ्यापैकी मोकळ्या पाठीचा, चार माणसांसोबतचा, दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास किंवा फिजिओचा नवा व्यायाम नसलेला. मणक्यात इंजेक्शन घेतलं असेल, गुंगी दिली असेल, तर किमान 24 तास काहीच नको.

पाचवी पायरी: त्या संध्याकाळी

रिकाम्या पोटी नाही, आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी. हे सगळ्यांनाच लागू.

मणक्याचं म्हणून जे खास आहे ते बसण्यात. गादीचा त्रास असेल तर खोल, मऊ सोफा टाळा. दारूने अंग सैल पडतं, कंबर गोल होते आणि दोन तास तशाच बसलात तरी जाणवत नाही, कारण जाणवून देणारी कळच मंदावलेली असते. सरळ पाठीची खुर्ची घ्या, कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि फोनवर दर अर्ध्या तासाचा गजर लावा. वाजला की उठायचं, दोन मिनिटं फिरायचं. लोक हसतील, हसू द्या. नळी अरुंद असलेल्यांचं बरोबर उलट: त्यांना उभ्याउभ्याच्या पार्टीत त्रास होतो, त्यांनी आल्या आल्या खुर्ची धरावी. उंच बिनपाठीचं स्टूल मात्र कुणाच्याच फायद्याचं नाही.

बेत सुटून दोन ग्लास झाले की पाठ 'मोकळी' वाटायला लागते, तो क्षण ओळखायला शिका. नाचावंसं वाटतं, कुणाच्या मुलाला उचलून घ्यावंसं वाटतं, टेबल सरकवायला आपणच पुढे होतो. पाठ मोकळी झालेली नसते, फक्त तिची तक्रार ऐकू येत नसते. बिल दुसऱ्या दिवशी सकाळी.

घरी परत जायची सोय निघण्याआधीच करून ठेवा. गाडी अर्थातच दुसऱ्याने चालवायची. जिना असेल तर कठडा धरूनच, आणि हातात सामान नको.

सहावी पायरी: रात्र

दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. लघवीलाही उठावं लागतं, कारण लघवीचं प्रमाण कमी ठेवणारं संप्रेरक दारूने दबतं. म्हणून पलंगापासून संडासापर्यंतची वाट आधीच मोकळी करा: पायपुसणं उचला, वायरी बाजूला करा, छोटा दिवा चालू ठेवा. उठताना कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मिनिटभर काठावर बसा, मग उभे राहा.

शेकायची पिशवी किंवा हीटिंग पॅड घेऊन झोपू नका. पायाला किंवा पाठीला बधिरपणा असेल आणि वर दारूची झोप असेल, तर चटका बसलेला सकाळीच कळतो.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी वेगळं

व्हीलचेअरवर असाल तर वरचं सगळं आहेच, शिवाय मूत्राशयाचं वेळापत्रक. दारूने लघवी भराभर तयार होते, त्यामुळे नेहमीच्या चार-सहा तासांच्या अंतराने कॅथेटर घालून चालत नाही. एका वेळी 500 मिलीच्या वर साठू द्यायची नाही, म्हणून त्या संध्याकाळी अंतर कमी करा आणि गजर लावा. कायमचा कॅथेटर असेल तर पिशवी अर्धी भरली की रिकामी करा, नळी कुठे दुमडलेली नाही ना ते बघा.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल तर तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकदम भडकू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. जवळचे लोक म्हणतात, 'चढली वाटतं.' म्हणूनच सोबतच्या एकाला तरी हे आधी सांगून ठेवा: असं झालं तर आडवं करायचं नाही, सरळ बसवायचं, पट्टे आणि कपडे सैल करायचे, मूत्राशय रिकामं करायचं, आणि त्रास लगेच कमी झाला नाही तर ॲम्ब्युलन्स.

खुर्चीतच झोप लागली तर दाब पडलेल्या जागी काही तासांत बेडसोरची सुरुवात होते. दाब हलका करण्याची तुमची ठरलेली वेळ चुकवू नका.

सातवी पायरी: दारूवर ढकलू नये अशी लक्षणं

पाय लटपटणं, लघवीचं भान सुटणं, बधिरपणा, ही सगळी दारूचीही लक्षणं आणि मणक्याचीही. घोटाळा इथेच होतो. बसताना खुर्चीला टेकणारा भाग, म्हणजे मांड्यांचा आतला भाग आणि गुदाच्या भोवतालची जागा बधिर झाली, लघवी होईनाशी झाली किंवा नकळत झाली, दोन्ही पायांतला जोर गेला, तर 'उतरली की बघू' म्हणत थांबू नका. कंबरेखालच्या नसांचा जुडगा दबला असण्याची ती चिन्हं आहेत आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

पडलात आणि मान किंवा पाठ दुखतेय, तर दारूच्या अंमलात 'काही नाही झालं' हा स्वतःचा निर्वाळा धरायचा नाही. हलू नका, मदत बोलवा, तपासून घ्या. कणा जुळलेल्यांनी तर हमखास.

आणखी एक लक्षण हळूहळू येतं. सायटिकाची कळ बहुधा एकाच पायात, कंबरेपासून खाली जाते. दोन्ही तळपायांत सारखीच आग, मुंग्या, मोजे घातल्यासारखा बधिरपणा असेल, तर ती दारूने खराब झालेल्या नसांची खूण असू शकते. मणक्याचा पेशंट हे सगळं मणक्याच्या खात्यात टाकतो आणि महिने जातात. डॉक्टरांना पिण्याचा खरा आकडा सांगितला तरच ते त्या दिशेने तपासणी करतील, बी-1, बी-12 ही जीवनसत्त्वं बघतील.

आणि बेत हाताबाहेर गेला असेल तर

दुखण्यासाठी प्यायला लागलात, गोळीऐवजी पेग घेताय, मापाचं झाकण कपाटात मागे गेलंय, घरच्यांना आकडा कमी सांगताय, यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं तरी ते डॉक्टरांच्या कानावर घाला. मणक्याच्या दुखण्यात हे अनेकांचं होतं आणि त्यावर उपचार आहेत.

फक्त, कित्येक महिने रोज भरपूर पीत असाल तर उद्या सकाळपासून एकदम तोडू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, झटके, भ्रम असं काहीही होऊ शकतं, आणि नाजूक मणक्यासाठी झटका म्हणजे दुहेरी संकट. दारू सोडायची ती औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या देखरेखीत. जाताना गोळ्यांची तीच यादी आणि गेल्या आठवड्याचा ग्रॅममधला हिशोब सोबत न्या.